वजा पन्नास मिलिव्होल्ट

शेवटच्या घरातला दिवा मिणमिणता कामा नये.

आजारी मूल भिंतीकडे बघत नाही. ते दिवसभर छताकडे बघतं.

“अहो, मिक्सर चालत होता ना? मग उघडलात कशाला?”

एका चित्राला अठ्ठ्याऐंशी सेकंद.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला समोरच्याच्या नुसत्या “हॅलो”वरून कळतं की याने काहीतरी मोडून ठेवलंय.

मोबाइलवरचा निरोप, शनिवार, सकाळी आठ पन्नास: “भाऊजी, साइटवर चाललेय, चारपर्यंत येते. मशीन चालू आहे. हात लावू नका. प्रेमाने सांगतेय.”

*

१.२४ व्होल्ट

पहिलं वाक्य माझं. मी वीज वितरणाच्या उपकेंद्रात ऑपरेटर आहे, सव्वीस वर्षं झाली. आमच्या कामाचं मर्म असं: तारेच्या सुरुवातीच्या घरांना व्होल्टेज भरपूर मिळतं. तार जसजशी लांब जाते आणि घरोघरी हिटर, पंखे, पंप चालू होतात, तसतसं ते घसरतं. शेवटच्या घरात पोहोचेपर्यंत बिचाऱ्या दिव्याला धाप लागलेली असते. तिकडून फोन येतो. मी इकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक पायरी वर चढवतो. तिकडे उजेड पडतो. घसरलं की चढवायचं, एवढ्या एका विचारावर मी सव्वीस वर्षं पगार घेतला आहे आणि दुसऱ्या विचाराची गरज कधी पडलेली नाही.

दुसरं वाक्य मेहुणीचं. ती इमारतींच्या आतली रचना करते. आठ वर्षं एका मोठ्या कचेरीत दुसऱ्यांच्या नावाने काम केल्यावर गेल्या वर्षी तिने नोकरी सोडली आणि स्वतःची पाटी लावली. पाटी लागली, पण खाली काम लागेना. अखेर एका हॉस्पिटलाच्या बालविभागासाठी तिघांना बोलावलं गेलं, त्यात ती होती. प्रत्येकाने आपला वॉर्ड कसा दिसेल याची नव्वद सेकंदांची फिल्म पाठवायची. मुदत रविवार, संध्याकाळी सहा. त्यानंतर फाइल स्वीकारणारं पान आपोआप बंद.

बुधवारी तिचा संगणक मेला. शुक्रवारी सकाळी ती डिस्क घेऊन आमच्याकडे आली.

“भाऊजी, तुमचं मशीन लागतंय. तीन दिवस.”

“घे की. चांगलं दणकट आहे.”

“माहितेय. ताई म्हणते, तुम्ही त्यावर हवामान बघता.”

हे खरं होतं. तीन वर्षांपूर्वी मी दुकानातला सगळ्यात तगडा प्रोसेसर घेतला होता, भविष्याचा विचार करून. भविष्य आलं नाही. हवामान मात्र झटकन दिसायचं.

फिल्म म्हणजे एकामागून एक चित्रं; एकूण दोन हजार दोनशे पन्नास. प्रत्येक चित्रातला प्रकाश, सावल्या, फरशीवरची चमक, हे सगळं प्रोसेसर मोजून काढतो. एका चित्राला अठ्ठ्याऐंशी सेकंद लागत होते. तिने शुक्रवारी सकाळी आठला काम सुरू केलं. रविवारी दुपारी तीनला संपणार होतं. मुदतीला तीन तास बाकी राहत होते.

फिल्ममध्ये कॅमेरा दारातून वॉर्डात शिरतो, खाटांच्या मधून चालत जातो, आणि शेवटच्या सात सेकंदांत शेवटच्या खाटेवर आडवा होतो. म्हणजे आपण आडवे होतो, आणि छत दिसतं. छतावर ठिपक्यांची एक वाट आहे. ती डोळ्यांनी चालत जाता येते, फाटे फुटतात, एक फाटा खिडकीवरून वळून परत येतो. कुठेतरी एक गोगलगाय आहे. मला ती शुक्रवारी संध्याकाळी दाखवूनही सापडली नाही.

“सापडायला नकोच,” मेहुणी म्हणाली. “आठ दिवस पडून राहिलं की सापडते.”

ती स्वतः नऊ वर्षांची असताना दीड महिना हॉस्पिटलात होती. तिथल्या छतावर एक पंखा होता, त्याला तीन पाती होती. ती तिने मोजली. मग पुन्हा मोजली. हे मला बायकोने सांगितलं. मेहुणी त्याविषयी बोलत नाही, छतं करते.

तेव्हा पणाला काय लागलं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी अजाणतेपणी काही केलं असं कुणी म्हणू नये.

*

१.३२ व्होल्ट

शनिवारी मला सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशी माझे हात शिवशिवतात. या घरातल्या चालू वस्तूंना शनिवार हा अवघड वार आहे.

मी मशीनसमोर चहा घेऊन बसलो. चित्रं एकेक करून पडत होती. अठ्ठ्याऐंशी सेकंद. अठ्ठ्याऐंशी सेकंद. मुदतीला तीन तास शिल्लक, हे मला कंजूषपणाचं वाटू लागलं. बिचारीला दहा तास मिळवून दिले तर? ती चार वाजता दमून येईल, मी सहज म्हणेन, “अगं, रविवारी सकाळीच होतंय तुझं.” ती म्हणेल, “भाऊजी!” त्या “भाऊजी”तलं उद्गारचिन्ह मला त्या खुर्चीत बसून ऐकू आलं.

मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यात एक माणूस निळे-जांभळे दिवे लावलेल्या संगणकासमोर बसून सांगत होता की प्रोसेसरचा वेग कारखान्याने ठरवून दिलेला असतो, पण आपण तो वाढवू शकतो. वेग वाढवला की त्याला व्होल्टेज थोडं जास्त द्यावं लागतं. व्हिडिओ बावीस मिनिटांचा होता. मी चौथ्या मिनिटाला “व्होल्टेज” हा शब्द ऐकला आणि बंद केला. हा तर आपल्याच खात्याचा विषय निघाला!

उरलेल्या अठरा मिनिटांत काय होतं ते मी नंतर पाहिलं. पाचव्या मिनिटाला तो म्हणतो, “आता यापुढे घाई करणारे लोक काय चूक करतात ते बघू.”

चित्र पूर्ण झाल्यावर मी काम थांबवलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि सुरुवातीच्या सेटिंगच्या पानात शिरलो. वेग चार पूर्णांक दोन गिगाहर्ट्झवरून चार पूर्णांक सात. व्होल्टेज यंत्राच्या मर्जीवर होतं, कामाच्या वेळी साधारण एक पूर्णांक चोवीस. मी ते माझ्या मर्जीवर घेतलं. एक पूर्णांक बत्तीस.

चालू. पहिलं चित्र, ऐंशी सेकंद. मी एकटाच हसलो.

मग सवयीने व्होल्टेजचा आकडा पाहिला. बत्तीस दिले होते, आणि काम सुरू असताना दिसत होते पंचवीस. काम थांबलं की पुन्हा बत्तीस. काम सुरू झालं की पंचवीस.

घसरत होतं.

आता हे वाचणाऱ्यांपैकी जे माझ्या खात्यातले नाहीत त्यांना ती कळ समजणार नाही. लोड आला की व्होल्टेज घसरतंय, आणि मी बसल्या जागेवरून बघतोय! माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या टेबलावर, शेवटचं घर अंधारात! पोरीचा प्रोसेसर तिकडे धापा टाकतोय आणि ऑपरेटर चहा पितोय!

सेटिंगच्या पानावर शोधलं तर नेमकी हवी ती गोष्ट मिळाली. लोडखाली होणारी घसरण भरून काढायची सोय. तिला एक ते आठ अशा पायऱ्या होत्या. कारखान्याने ती दोनवर ठेवली होती. मी आठवर नेली.

उपकेंद्रात मी एका दमात सहा पायऱ्या कधीच चढवल्या नसत्या. तिथे रजिस्टर असतं, वरिष्ठ असतात, आणि मुख्य म्हणजे घरं दुसऱ्यांची असतात.

*

१.३६ व्होल्ट, १.३९ व्होल्ट

बायको दारात आली. “तो पंखा का ओरडतोय एवढा?”

“काम करतोय.”

“काल करत नव्हता?”

“काल कमी करत होता.”

“तिने हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.”

“हात कुठे लावलाय? आत जाऊन आकडे बदललेत.”

“मिक्सरच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. आकडे सोडून बाकी सगळं हेच.”

ती गेली, आणि मशीन बंद पडलं. पडदा काळा, मग आपोआप पुन्हा सुरू. एक चित्र संपून दुसरं सुरू व्हायच्या नेमक्या क्षणी.

मी निदान केलं: व्होल्टेज अजून कमी पडतंय. छत्तीस केलं. सात-आठ चित्रं पडली, पुन्हा काळं. एकोणचाळीस केलं. पुन्हा काळं. दर वेळी चित्र बदलतानाच. मी शांत होतो. फीडर ट्रिप होऊन अख्खा भाग अंधारात गेला की तरुण लाइनमन घाबरतात, मी घाबरत नाही, याचा मला नेहमी गर्व वाटत आला आहे. आता वाटतं, त्यातले काही जण वेळेवर घाबरत असावेत.

*

१.४२ व्होल्ट

इथे ते टिकलं. साडेबारापासून एकदाही बंद पडलं नाही. मी जेवायला अभिमानाने बसलो.

“झालं का नीट?” बायकोने विचारलं.

“होणारच.”

“मग त्या खोलीत एवढं गरम का होतंय?”

दोन वाजता मी हिशेब बघायला गेलो. एका चित्राला एकशे सतरा सेकंद लागत होते.

मी चष्मा पुसला. एकशे सतरा. तापमान बरोबर शंभर. प्रोसेसर भाजत होता, आणि भाजू नये म्हणून त्याने स्वतःहून आपला वेग कमी केला होता. म्हणजे मी वेग वाढवण्यासाठी व्होल्टेज वाढवलं, व्होल्टेजमुळे उष्णता वाढली, आणि उष्णतेमुळे वेग होता त्यापेक्षाही खाली आला. या सगळ्या प्रकरणात डोकं एकट्या प्रोसेसरने चालवलं होतं.

मग मी तयार झालेली चित्रं उघडून पाहिली. अकराशे चारमध्ये वॉर्डाच्या भिंतीवर काळे ठिपके होते, गोवर उठल्यासारखे. पुढच्या दोन चित्रांत नव्हते. त्यापुढच्यात खाटेच्या पायावर होते.

मला वाटलं, डिझाइन असेल.

*

अपघाताची नोंद
(आमच्या कार्यालयात वापरतात त्याच नमुन्यात; सवयीने भरली, दुपारी अडीच ते तीन, कारण त्या वेळात करण्यासारखं दुसरं काहीच सुचेना)

अपघाताचे ठिकाण: घर, मागची खोली.
उपकरणाची स्थिती, अपघातापूर्वी: उत्तम.
उपकरणाची स्थिती, अपघातानंतर: गरम.
काम करण्याची लेखी परवानगी होती काय: नाही. लेखी मनाई होती.
सुरक्षा साधने वापरली काय: चष्मा.
अपघाताचे कारण: ऑपरेटर.
असा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून सुचवलेली उपाययोजना: ऑपरेटरला शनिवारी सुट्टी देऊ नये.

*

मेहुणी चारला आली. खोलीत पाऊल टाकताच थबकली. मला वाटतं, तिला आधी उकाडा लागला आणि मग माझा चेहरा दिसला.

मी सगळं सांगितलं. एक आकडाही लपवला नाही. प्रामाणिकपणाने थोडी सूट मिळते असा माझा समज होता. ती खुर्ची ओढून बसली, चित्रं एकेक करून पाहिली, अकराशे चारवर थांबली.

“हे ठिपके बघूनही तुम्ही चालू ठेवलंत?”

“मला वाटलं, डिझाइन असेल.”

“हॉस्पिटलात? मुलांच्या? काळे डाग?”

डागांहून वाईट म्हणजे ती मला “तुम्ही” म्हणत होती आणि पुढे “भाऊजी” लागत नव्हतं. नुसतं “तुम्ही” किती थंड असतं हे मला माहीत नव्हतं.

बायकोने फोन उचलला आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना लावला. काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून जेवणाच्या टेबलावर लोकांचे संगणक दुरुस्त करतात. पलीकडून काय विचारलं गेलं ते ऐकू आलं नाही. बायको फक्त म्हणाली, “हो. तेच. नाही, या वेळी मिक्सर नाही.”

काकू पाच मिनिटांत आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत पेचकस, मलमासारखी एक नळी आणि रंगाचा मऊ कुंचला.

“काय हो उपकेंद्र,” त्या मला म्हणाल्या, “किती चढवलंत?”

“एक पूर्णांक बेचाळीस.”

“आणि घसरण भरून काढणारं?”

“आठ.”

“आठपैकी?”

“आठपैकी.”

काकूंनी पिशवी खाली ठेवली. “नववी पायरी नव्हती म्हणून वाचलं.”

त्यांनी आधी सगळं कारखान्याच्या आकड्यांवर परत नेलं. मग मला समोर बसवून समजावलं, एक्स्चेंजमध्ये नव्या मुलींना समजावत असतील तसं. “लोड आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं. लोड गेला की ते उसळी घेतं. पटकन. तुमच्या आकड्यात दिसणारही नाही इतक्या पटकन. ती उसळी वर जायला जागा हवी, म्हणून बनवणाऱ्यांनी मुद्दामच खाली बसायची मुभा ठेवलेली असते. तुम्ही तो खड्डा भरलात. आता उसळी कुठे जाणार? छतातून वर. आणि उलटा धक्काही तसाच, एकदम खोल. तुमचं मशीन दर वेळी चित्र बदलतानाच का बंद पडत होतं?”

“लोड बदलत होता.”

“मग? एवढं कळतं तर आठ कशाला?”

“घसरत होतं हो, काकू.”

“घसरू द्यायचं असतं!”

सव्वीस वर्षांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. मी पाणी प्यालो.

मेहुणीने दरम्यान कागदावर गणित मांडलं होतं. “सकाळपासूनची सगळी चित्रं फेकायची ना?”

“यांच्या राजवटीतली सगळी,” काकू म्हणाल्या. “ठिपके दिसले ती वाईट, आणि दिसले नाहीत त्यांचा भरवसा नाही.”

“मग उरली अकराशे नव्वद. आता साडेचार. लगेच जुन्या वेगाने सुरू केलं तर उद्या साडेपाचपर्यंत एक हजार बावीस होतात.” तिने पेन खाली ठेवलं. “शेवटचे सात सेकंद राहतात.”

म्हणजे छत राहत होतं.

“चित्रांचा दर्जा थोडा कमी केला तर?” बायकोने विचारलं.

“ठिपक्यांची वाट फुटते, ताई. मग ते नुसतं घाणेरडं छत दिसतं.”

“दुसरा मार्ग आहे,” काकू म्हणाल्या. “मला दोन तास द्या. मी ते नीट वेगवान करून देते. नीट म्हणजे एकेक पाऊल, प्रत्येक पावलाला चाचणी. तेवढा वेळ काम बंद.”

“आणि जमलं नाही तर?”

“तर सातऐवजी दहा सेकंद जातील.”

मेहुणी कागदाकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

“सात गेले काय नि दहा गेले काय,” मेहुणी म्हणाली. “छत नसेल तर बाकीचा वॉर्ड कुणीही करेल. करा, काकू.”

*

० व्होल्ट

काकूंनी मशीनची तार काढली आणि बाजूचं झाकण उघडलं. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो. पंखा त्यातून हवा ढकलतो आणि उष्णता बाहेर काढतो. आमच्या ठोकळ्यातून हवा जात नव्हती. तिथे राखाडी, मऊ, जाड अशी एक दुलई तयार झाली होती.

“ही किती वर्षांची?”

“तीन.”

“तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर पण अशीच बसू देता?”

“तिथे दर तीन महिन्यांनी सफाई असते. मीच तक्ता लावतो.”

“आणि घरी?”

“घरी तक्ता नाही.”

“तरीच शुक्रवारपासून बिचारं अंग चोरून काम करत होतं,” काकू म्हणाल्या. “उकडत होतं त्याला.”

त्यांनी कुंचल्याने पत्रे साफ केले, ठोकळा उचलला, खालचं वाळलेलं मलम पुसून नवं लावलं. मला झाकण धरून उभं राहायचं काम मिळालं होतं. ते मी निर्दोषपणे पार पाडलं.

*

वजा वीस, वजा चाळीस

“आता बसा इथे,” काकू मला म्हणाल्या.

“मी?”

“तुम्हीच. आकडे टाकायची हौस आहे ना. वेग टाका चार पूर्णांक चार. जास्त नको. आणि व्होल्टेज जिथे यंत्राच्या मर्जीवर आहे तिथेच राहू दे, फक्त त्यातून थोडं कमी करा.”

“कमी?”

“कारखाना प्रत्येक प्रोसेसरला जरा जास्तच देतो. एखादा कच्चा निघाला तरी चालावा म्हणून. तुमचा कच्चा नाही. त्याला तेवढं लागत नाही. कमी दिलं की कमी तापेल, कमी तापला की वेग टिकेल. वजा वीस मिलिव्होल्ट.”

मी वीस टाकलं. वजाचं चिन्ह टाकायला बोट जाईना. खोटं नाही सांगत. माझ्या डोळ्यांसमोर शेवटचं घर आलं.

मेहुणी मागून म्हणाली, “मी टाकू का?”

मी वजा टाकला.

चाचणी अशी होती: शुक्रवारी झालेलं चारशे क्रमांकाचं चित्र पुन्हा करून घ्यायचं आणि जुन्याशी ठिपका न् ठिपका ताडून बघायचा. एकही ठिपका वेगळा आला तर नापास. प्रत्येक पायरीला दहा मिनिटं, आणि मध्येमध्ये काम मुद्दाम थांबवून सुरू करायचं, लोड बदलताना ते डगमगतं का ते बघायला. काकूंनी वहीत तीन रकाने आखले: व्होल्टेज, तापमान, फरक. मला ती वही बघून भरून आलं. हुबेहूब आमचं रजिस्टर. फरक एवढाच की यात कुणी “सर्व ठीक” असं आधीच लिहून ठेवलं नव्हतं.

वजा वीस: एक्क्याऐंशी अंश, फरक शून्य.

वजा चाळीस: सत्त्याहत्तर, शून्य.

वजा साठ: चौऱ्याहत्तर, शून्य. बायकोने सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला, हे मी शुभचिन्ह मानलं.

वजा ऐंशी: बहात्तर. फरक, अकरा ठिपके.

“सापडला काठ,” काकू म्हणाल्या.

“मग वजा सत्तर?” मी विचारलं. सत्तर लावून पाहिलं. शून्य. “पास झालं! ठेवू या सत्तर.”

“उपकेंद्र,” काकू म्हणाल्या, “दहा मिनिटं पास झालेलं मशीन तेवीस तास पास होईलच असं नाही. उद्या दुपारी खोली तापेल. काठ सापडला की काठावर बसायचं नसतं. वजा पन्नास टाका आणि उठा खुर्चीवरून.”

मी वजा पन्नास टाकलं. उठलो.

साडेसहाला काम सुरू झालं. सगळे पडद्याकडे बघत उभे. व्होल्टेज एक पूर्णांक एकोणीस. तापमान शहात्तर. पंखा ऐकायला कान द्यावा लागत होता. पहिलं चित्र पूर्ण झालं.

एकोणसत्तर सेकंद.

मेहुणीने कागद ओढला. “अकराशे नव्वद गुणिले एकोणसत्तर.” तिने दोनदा केलं. “उद्या सव्वापाच.”

“पुरेल?” बायकोने विचारलं.

“जोडायला वीस मिनिटं. पाठवायला दहा. पुरेल, जर…” तिने वाक्य पूर्ण केलं नाही. तिघीही माझ्याकडे बघत होत्या.

*

रविवारी मला बदली ड्यूटी मिळाली. बायकोने माझ्या सहकाऱ्याला परस्पर फोन करून ती मिळवून दिली होती.

उपकेंद्रात अकराच्या सुमारास शेवटच्या घरातून फोन आला. आजोबा नेहमीचेच. “साहेब, दिवा मिणमिणतोय.”

“किती दाखवतंय तुमच्याकडे?”

“काय किती? सव्वीस वर्षांत कधी विचारलं नाहीत.”

मी विचारलं, मोजायला लावलं, इकडचं मोजलं. खरंच कमी होतं. मग एक पायरी चढवली. आजोबा म्हणाले, “हं, आता दिसतंय. उशीर का लावलात?”

दर तासाला मी घरी फोन करत होतो. बायको फक्त आकडा सांगायची आणि ठेवायची. सतराशे सात. सतराशे एकोणसाठ. एकदा मी विचारलं, “खोली तापलीये का?” ती म्हणाली, “तुम्ही नाही आहात तर कशाने तापेल?”

पाच वाजता मी घरी पोहोचलो. खोलीच्या दारात खुर्ची आडवी लावली होती. मी खुर्चीच्या या बाजूला उभा राहिलो. पडद्यावर छत होतं, चित्रागणिक किंचित सरकणारं. एकोणसत्तर सेकंद म्हणजे केवढा वेळ असतो ते मला तेव्हा कळलं.

पाच अठराला शेवटचं चित्र पडलं. मेहुणी जोडत बसली. पाच बेचाळीसला तिने फाइल पाठवायला घेतली. पडद्यावर एक हिरवी पट्टी पुढे सरकू लागली आणि साठ टक्क्यांवर थांबली.

“इंटरनेट…” मी म्हणालो.

“भाऊजी,” मेहुणी मागे न बघता म्हणाली, “मी पाया पडते, श्वाससुद्धा हळू घ्या.”

मी श्वास हळू घेतला. त्या “भाऊजी”त उद्गारचिन्ह नव्हतं. पण भाऊजी होतं.

पाच एकावन्नला पट्टी पूर्ण झाली. बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली होती, धीर द्यायला की आवरायला, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मेहुणीने पहिल्यांदा फिल्म सलग लावली. दार, खाटा, फरशीवरची चमक, आणि मग आम्ही सगळे आडवे झालो. सात सेकंद. काकू म्हणाल्या, “पुन्हा लाव.” पुन्हा सात सेकंद.

“गोगलगाय दिसली मला,” बायको म्हणाली.

“कुठे?” मी विचारलं.

दोघी बहिणी एकदम म्हणाल्या, “सांगू नकोस यांना.”

आठवड्याने हॉस्पिटलातून फोन आला. काम तिला मिळालं. निवड करणाऱ्यांत एक परिचारिका होती. तिने म्हणे बाकी काही न बोलता एवढंच विचारलं, की हे छत मोठ्यांच्या वॉर्डात लावता येईल का.

शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता, मी पहिल्यांदा काम थांबवलं तेव्हा, ते वेळापत्रकाच्या चाळीस मिनिटं पुढे होतं.